एक्कावन्नावी

नायनांनी डाळिंबाची फांदी काढली
त्या उन्हाळ्यात साखर पेठेत चौथ्या दिवशी पाणी यायचं.
चौकटीच्या कागदावर एकेक घर लाल करत
बावीस रात्री.
मग पत्त्यांना भोकं पाडली, तीही त्यांनीच,
माळ ओवून जेकार्डवर चढवली,
आणि माग खडखडला तेव्हा
फांदी कापडावर खालून वर आली,
झाडाला येते तशी.

फुटलेल्या फळात सात दाणे हवे होते.
सहाच उतरले.
एक पत्ता कोराच राहिला,
कारण नेमकी तेव्हाच आई
विड्यांचं सूप घेऊन जिन्यावरून घसरली.
पत्ता बदलता आला असता.
नायना म्हणाले, राहू दे,
एक दाणा कुणीतरी खाल्लाय.

सहा वर्षांनी, गड्ड्यावर,
पाळण्याशेजारच्या दुकानात ती टांगलेली दिसली.
तीच फांदी, तेच वळण, सूत हलकं.
दोनशे साठ रुपये मोजून
आम्ही आमचीच चादर विकत घेतली.
दुकानदारानं वर पिशवीही दिली.

होटगीकर वकीलबाईंनी ती टेबलावर पसरली.
म्हणाल्या, डाळिंब कुणाचंच नसतं, इराबत्ती.
फळ, झाड, लाल रंग, नुसती कल्पना,
ही सगळ्यांची.
पण कागदावर तुमच्या हातानं वळवलेली फांदी तुमची,
काढली त्या क्षणापासून,
शिक्का नको, अर्ज नको,
तुम्ही असेपर्यंत आणि तुमच्यामागे साठ वर्षं.

नायनांनी माझ्याकडे पाहिलं.
साठ वर्षं!
घराला कधी एवढा पट्टा मिळाला नव्हता.

मग बाईंनी विचारलं, किती विणल्या?
नायना खुर्चीत ताठ झाले.
चार हजारांच्या वर, मॅडम.
विजापूर, गुलबर्गा, पार करीमनगरपर्यंत.
बाईंनी पेनाला टोपण घातलं.
आणि डिझाइनची नोंदणी?
ती कुठं असते?

पन्नास.
कायदा पन्नासपर्यंत धीर धरतो.
नोंद नसलेली नक्षी मागावर
त्यापेक्षा जास्त वेळा उतरली
की तो हक्क विझतो,
आणि विझवणारा हात मालकाचाच असतो.

रिक्षात मी हिशेब करत होते.
एक्कावन्नावी चादर कुणी नेली असेल?
सिव्हिल हॉस्पिटलात कुणाच्या पायांवर पडली,
की आहेरात गेली, घडी न मोडता?
त्या दिवशी मागावर चिल्कांचा पोरगा होता बहुतेक.
त्यानं कातरीनं दशा कापल्या, गठ्ठ्यावर टाकली,
बावन्नावी लावली.
काही वाजलं नाही. नायना तेव्हा
खाली चहा पीत असतील
आणि खूश असतील, ऑर्डर वाढली म्हणून.

घरी येऊन त्यांनी चादर उलगडली,
चष्मा कपाळावर नेला,
बोटानं दाणे मोजले.
सात.
पुन्हा मोजले.
सात.

चोरली याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं.
आता ते खाटेवर बसून राहिले.
दुरुस्त केली त्यांनी, म्हणाले.
मला न विचारता दुरुस्त केली.

आईनं आपल्या गुडघ्यावरचा जुना वण चोळला
आणि ज्वारीच्या पिठात पाणी घातलं.

आता नवा कागद खिळ्याला आहे.
बोरांची डहाळी, काट्यांसकट.
नोंदणीचा अर्ज मी भरतेय,
पहिला नमुना बाहेर जायच्या आत,
चार बाजूंचे फोटो, फीची पावती.
'नावीन्याचे वर्णन' या रकान्यात काय लिहू विचारलं
तर म्हणाले, लिही, काटे खरे आहेत.

काल रात्री लाईट परत आली तेव्हा
ते गड्ड्यावरची चादर मांडीवर घेऊन बसले होते,
हातात आईची सुई.
सातवा दाणा उसवत होते,
एकेक धागा, फांदीला धक्का न लावता.
लाल सुताचा एवढासा गुंता
त्यांनी काड्यापेटीत ठेवला.

मग चादर ओढून घेतली
आणि कुशीवर वळले.